डिझाइनच्या टेबलावर फाउंड्रीवाल्यालाही बसवा
स्टेज-गेट पद्धतीत नव्या उत्पादनाचं काम टप्प्याटप्प्याने चालतं आणि प्रत्येक टप्प्यानंतर 'गेट' असतं, म्हणजे रिव्ह्यू होऊन सह्या झाल्यावरच पुढे जायचं. या सह्या आणि रिव्ह्यूंमुळे नवं उत्पादन लांबतं, असं म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. माझ्या अनुभवात खरा वेळ खातात ते ड्रॉइंग रिलीज झाल्यानंतरचे बदल. पूर्वीच्या एका कंपनीत पंपाच्या केसिंगचं (बाहेरच्या कवचाचं) ड्रॉइंग फाउंड्रीला, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्याला, गेलं ते थेट पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) बनवायलाच. एका जागी भिंत एकदम जाड होती. तिथे श्रिंकेज (धातू थंड होताना आकसून पडणारी पोकळी) येणार हे फाउंड्रीवाल्यांनी पाहताक्षणी सांगितलं. पण तोवर डिझाइन फ्रीझ, म्हणजे पक्कं, झालेलं. आधी विचारलं असतं तर एक दुपार गेली असती, नंतर दोन महिने गेले. अजून हळहळ वाटते.

म्हणून स्कॉर्पिओचं उदाहरण मला मोलाचं वाटतं. महिंद्राने 2002 मध्ये आणलेली ही गाडी पवन गोएंका यांच्या नेतृत्वाखाली विकसित झाली. वेगवेगळ्या विभागांतली माणसं मिश्र गटांत एकत्र बसवली आणि बऱ्याच भागांचं डिझाइन पुरवठादारांवरच सोपवलं. कामगिरीच्या अपेक्षा आणि खर्चाची मर्यादा मात्र कंपनीने ठरवून दिली. कारखान्यासह खर्च सुमारे 600 कोटी रुपये, म्हणजे परदेशी कंपन्यांच्या तुलनेत फारच कमी!

गेट हवेतच, विशेषतः टूलिंगचे (साचे वगैरेंचे) पैसे सोडण्याआधीचं. फक्त तिथे सही करणाऱ्यांत फाउंड्रीचा आणि सर्व्हिसचा माणूस असावा, आणि त्याला 'थांबा' म्हणायचा अधिकार असावा. तुमच्याकडे सर्व्हिसवाल्यांना पहिल्या रिव्ह्यूला बोलावतात का?