लसीनंतर पिल्लाचं तोंड सुजलंय, घरातलं कोणतं औषध चालेल?

पाचगावकर:
पामेरियन पिल्लू, तीन महिन्यांचं, वजन ४ किलो. आज एकत्रित लस आणि रेबीजची लस एकाच वेळी टोचली. दीड तासात डोळ्यांखाली आणि ओठांवर सूज आलीये, तोंड सारखं फरशीला घासतंय. घरात बाळाचे पॅरासिटामॉलचे थेंब आहेत, सर्दीच्या गोळ्या आहेत. काही देऊ का? बुधवारी बाळाचा पेंटाव्हॅलंटचा (पाच रोगांवरच्या एकत्रित लसीचा) दुसरा डोस आहे (अडीच महिने, ५ किलो), आणि म्हशीला लाळ्या-खुरकूतची लस द्यायचीये. तेही सांगा.

पशुवैद्य_कागल:
दादा, घरातलं काहीही देऊ नका. दवाखान्यात फोन करा आणि पिल्लू घेऊन लगेच निघा.

लसीनंतर किती वेळाने त्रास सुरू झाला, यावर बरंच ठरतं. काही मिनिटांपासून काही तासांत तोंड सुजलं, गांधी उठल्या, उलटी-जुलाब झाले तर ती ॲलर्जी. एक-दोन दिवस मलूल राहणं, कमी खाणं हे लस काम करतेय म्हणून होतं, त्याची धास्ती नको.

वाटेत ओठ वर करून हिरडी बोटानं दाबा. बोट काढल्यावर दोन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. हिरडी पांढरी पडली, धाप लागली किंवा पिल्लू लुळं पडलं तर ॲड्रेनॅलिन लागतं. ते मिळेल तो सगळ्यात जवळचा दवाखाना गाठा, नेहमीचाच हवा असं नाही.

औषधविक्रेता_राजारामपुरी:
सर्दीच्या गोळ्यांबद्दल नीट सांगतो, कारण चूक तिथंच होते. ॲलर्जीवर सेटिरिझिन चालतं असं कुठंतरी वाचून लोक घरातली सर्दीची गोळी कुत्र्याला देतात. पण त्या गोळीत बऱ्याचदा पॅरासिटामॉल आणि फेनिलेफ्रिनही (नाक मोकळं करणारं औषध) असतं. स्ट्रिपच्या मागे घटक वाचल्याशिवाय हात लावू नका. आयबुप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं खराब होतात. घरात मांजर असेल तर त्याला पॅरासिटामॉल अजिबात देऊ नका. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही, रक्तातला ऑक्सिजन वाहणारा घटक निकामी होतो आणि हिरड्या तपकिरी पडतात. अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते.

आरोग्यसेविका_करवीर:
बाळाचं सांगते. टोचण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नका, ताप आला तरच द्या. ५ किलोला एका वेळी जास्तीत जास्त ७५ मिग्रॅ. बाटली बघून मोजा: १ मिलीत १०० मिग्रॅचे थेंब असतील तर पाऊण मिली, ५ मिलीत १२५ मिग्रॅचं सिरप असेल तर ३ मिली, ५ मिलीत २५० मिग्रॅचं असेल तर दीड मिली. थेंबांची बाटली घेऊन सिरपच्या मापानं दिलं की चौपट डोस जातो. दोन डोसांत सहा तासांचं अंतर ठेवा.

मांडीवर सूज आली तर गार पाण्याची घडी ठेवा. चोळू नका, शेकू नका. लस दिल्यावर अर्धा तास केंद्रातच थांबा. तीन तासांहून जास्त न थांबणारं रडणं, झटका, बाळ निळसर-पांढरं होऊन ढिलं पडणं, दोन दिवसांनंतरही ताप, यातलं काहीही दिसलं तर थेट डॉक्टरांकडे, रात्र असेल तर सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात). आणि आम्हालाही कळवा ताई-दादा, त्याची नोंद करावी लागते. औषधाचा दुष्परिणाम असेल तर १८००-१८०-३०२४ वर तुम्ही स्वतःही कळवू शकता, फोन मोफत आहे.

पाचगावकर:
दवाखान्यात इंजेक्शन दिलं, सूज उतरतीये. आता पुढची रेबीज टाळू का?

पशुवैद्य_कागल:
रेबीज मुळीच टाळू नका. पिल्लाच्या कार्डावर ‘प्रतिक्रिया’ असं लिहून घ्या, दोन्ही लसींचे बॅच नंबरही. पुढच्या वेळी दोन्ही लसी एकाच दिवशी नकोत, दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवा. आधी ॲलर्जीचं औषध द्यायचं का ते डॉक्टर ठरवतील. टोचल्यावर तासभर तिथंच बसा. संध्याकाळी दवाखाना बंद होताना नेऊ नका, सकाळी न्या, म्हणजे त्रास झालाच तर डॉक्टर हाताशी असतात.

म्हैस: मानेवर गाठ येते, दोन-तीन दिवस दूध थोडं कमी होतं, मग परत येतं. शेवटच्या महिन्यांतली गाभण असेल तर लस देणाऱ्याला आधी सांगा. ताप आला म्हणून कुणी माणसांचं डायक्लोफेनॅक टोचायला निघालं तर थांबवा. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर गिधाडं मरतात, म्हणून जनावरांसाठी २००६ पासून त्यावर बंदी आहे. त्याऐवजी मेलोक्सिकॅम मागा. तातडीला जनावरांच्या मदतीसाठीचा फोन नंबर १९६२.