अनुभव सांगा: माणसाचा मूळ स्वभाव बदलतो का?

फोंड्याहून:
22 वर्षांची असताना ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये ती स्वभावाचे 16 प्रकार सांगणारी एमबीटीआय टेस्ट दिलेली, पहिलं अक्षर आय आलं, म्हणजे अंतर्मुख. आता 41 व्या वर्षी परत दिली तर ई, म्हणजे बहिर्मुख! त्या टेस्टवाल्यांचं म्हणणं प्रकार जन्माचाच, तो बदलत नाही. बिग फाइव्ह ही स्वभाव मोजायची दुसरी पद्धत, ते सांगतात प्रकार वगैरे नसतातच, पाच गुण कमीजास्त असतात आणि वयाबरोबर माणूस साधारणपणे शिस्तीचा नि शांत होत जातो. मला खरंच समजून घ्यायचंय. स्वतःचं नाहीतर घरातल्या कुणाचं लिहा, पण घडलेलं लिहा.

वास्कोहून:
मी 11 वर्षं क्रूझवर वेटर होतो. नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, रोज हसून बोलायचं, टिप त्याच्यावरच. पहिल्या ट्रिपला पोटात गोळा यायचा, तिसऱ्यापासून गेस्ट समोर आला की गप्पा आपोआप सुटायच्या, सुपरवायझर म्हणायचा हा जन्माचा बोलका. पण दाबोळीला उतरलो की घरी तीन दिवस मी कुणाशी बोलत नसे, आईला माहीत, ती ताटात शीत-हुमण, म्हणजे भात नि माशाची आमटी, वाढून गप्प बाजूला व्हायची आणि मी संध्याकाळी गळ घेऊन जेटीवर. बोलायला शिकलो पण बोलून येणारा थकवा काय गेला नाय, म्हणून म्हणतो मूळ तेच.

पेडण्याहून:
आमचे बाबा म्हणजे जमदग्नी. चहा गार आला तर कप अंगणात. 2019 ला आईला अर्धांगवायू झाला आणि दुसऱ्याच आठवड्यात ते तिची वेणी घालायला बसले. आधी सुटायची, मग शेजारच्या वहिनीकडून शिकून घेतली, आता तेल लावून भांग सरळ पाडून वर अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा. त्यांचा चढलेला आवाज त्यानंतर मी ऐकलेला नाही. वास्कोवाले दादा थकव्याचं बोलले, तर रात्री दोनला आईची चादर बदलताना बाबांना थकलेलं मी बघितलंय, तेव्हाही राग नाही. मग हे नुसतं शिकलेलं म्हणायचं?

डिचोलीहून:
लिहू की नको करत होते. धाकटा भाऊ गणेशचवथीला अख्ख्या वाड्यावर घुमट, म्हणजे चामडं मढवलेलं मातीचं वाद्य, घेऊन फिरायचा. स्कूटर घसरली, हेल्मेट नव्हतं, मेंदूच्या पुढच्या भागाला मार बसला. हातपाय बरे झाले पण तो चिडका झाला, मध्येच रडतो, माणसं नको वाटतात. डॉक्टरांनी समजावलं, राग आवरायचं काम तिथूनच चालतं, तो मुद्दाम करत नाही. लोक म्हणायचे स्वभाव बिघडला आणि मी प्रत्येकाशी भांडायचे. यंदा आरतीला आला नाही, पण बाहेर सुंवारी, म्हणजे घुमटांचं एकत्र वादन, सुरू झाली तेव्हा मी आत डोकावले तर पलंगाच्या कडेवर त्याची बोटं चालत होती, ठेका बरोबर.

फोंड्याहून:
डिचोलीच्या ताई, त्याचं घुमट अजून घरात आहे का? चामडं सैल पडलं असेल तर कळवा, आमच्या वाड्यावर मढवून देणारे आहेत, मी स्वतः न्यायला येते.