रोज माउथवॉश, आणि गालात खर्रा

काही जण सुचवतात की सकाळ-संध्याकाळ जंतुनाशक माउथवॉशने चूळ भरली की तोंड आणि पोट दोन्ही ठीक राहतं. मला हे पटत नाही. आपण दिवसभरात साधारण लिटरभर लाळ गिळतो, तिच्यासोबत तोंडातले जंतूही पोटात जातात, हे खरं. पण ते सगळेच वाईट नसतात. पालक, मेथी, बीट यांतल्या नायट्रेटचं नायट्राइट जिभेवरचे जंतूच करतात, आणि पुढे त्याचा रक्तदाबाला फायदा होतो. जंतुनाशक माउथवॉशने हे चांगले जंतूही मरतात, म्हणून क्लोरहेक्सिडिन (अशा माउथवॉशमधलं जंतुनाशक औषध) डॉक्टरांनी सांगितलं तेवढेच दिवस वापरावं.

आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांत त्याहून मोठं संकट खर्ऱ्याचं आहे. प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेली सुपारी-तंबाखू तासन्‌तास गालात. मग तिखट झोंबायला लागतं, हळूहळू तोंडच उघडेनासं होतं. आधी तो खर्रा सोडा, भाऊ, कळकळीनं सांगतो.

रात्री झोपण्याआधी ब्रश कराच. कडुनिंबाची काडी चालेल, पण टोक चावून कुंचल्यासारखं मऊ झाल्यावरच, नाहीतर हिरड्या सोलतात. ३ वर्षांखालच्या लेकरांना पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच द्या, आणि गिळू देऊ नका, कारण पेस्टमध्येही फ्लोराइड असतं; बोअरच्या पाण्यात ते जास्त असेल तर आणखी जपा.