एअर फ्रायरमधला सॅल्मन कोरडा होतोय, वेळ-तापमान सुचवा (नाशिक)

गोदाकाठ: गोठवलेला सॅल्मन आहे, कातडीसकट. एकेक तुकडा दीडशे ग्रॅमचा, मध्ये इंचभर जाड. फ्रायर चार लिटरचा. २०० अंशांवर १५ मिनिटांत वर पांढरा चिकट थर येतो आणि आत भुसा. रवसाचा मसाला लावला तर चालेल का?

खडेमीठ: १५ मिनिटं फारच झाली! इंचभर जाडीला २०० वर ७ ते ९ पुरेत, तेही फ्रायर आधी तीन मिनिटं रिकामा तापवून. शेपटीकडचा पातळ तुकडा ५-६ मिनिटांत होतो, तो मागाहून ठेवा. वजन बघू नका, जाडी बघा.

पांढरा थर म्हणजे माशातलंच प्रथिन. उष्णतेनं मांस आवळलं की ते पिळून बाहेर येतं. अर्धा लिटर गार पाण्यात २५ ग्रॅम मीठ विरघळवून तुकडे १० मिनिटं बुडवा, मग टिपकागदानं अगदी कोरडे करा. थर बराच कमी होतो. मसाल्यात मात्र वेगळं मीठ नको.

वाटणघाटण: मसाला चालेल, पण रवसाचा जसाच्या तसा नको. आलं-लसणाचं ओलं वाटण २०० वर वरून करपतं आणि खाली मासा वाफवल्यासारखा होतो. तिखट, हळद, धणेपूड दोन चमचे तेलात कालवून पातळ हात फिरवा, लसूण हवाच तर पूड घ्या. लिंबू किंवा आगळ १५ मिनिटांपेक्षा जास्त नको, आंबटानं वरचं मांस घट्ट होतं. कोरडा रवा तर पंख्यानं उडतो, वर तेल शिंपडलं तरच तांबूस होईल.

आणि रवस करणार असाल तर १८० वर करा. त्यात चरबी कमी, सॅल्मनइतकी चूक तो पोटात घालत नाही.

गोदाकाठ: धन्यवाद दोघांनाही. कातडी जाळीला चिकटते, धूरही होतो. आणि शिजला हे नक्की कसं ओळखायचं?

खडेमीठ: तेल जाळीला नाही, कातडीला लावा. कातडी खाली, उलटायचं नाही. बटर पेपर वापरलात तर माशाखालीच हवा. रिकाम्या फ्रायरमध्ये उडून कॉइलला लागतो. धूर खाली गळलेल्या चरबीचा, तळाच्या भांड्यात दोन-तीन चमचे पाणी घाला.

शिजल्याची खूण: काट्यानं दाबल्यावर पाकळ्या सुटतात. थर्मामीटर असेल तर सर्वांत जाड भागात ६३ अंश, अमेरिकी अन्नसुरक्षेचा आकडा हाच. काही जण ५२-५४ वर काढतात, मऊ लागतो. पण लहान मुलं, गरोदर बाई, म्हातारी माणसं जेवणार असतील तर ६३च.

वाटणघाटण: एक राहिलंच. हवाबंद पाकीट असेल तर ते फोडून, मासा झाकणाच्या डब्यात घालून मग रात्रभर फ्रीजमध्ये वितळवा. बोटुलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) काही जंतू हवेविना, फ्रीजच्या थंडीतही वाढतात. ओट्यावर तर नाहीच, डिसेंबरात नाशिक कितीही गारठलेलं असो.