मदत हवी आहे : ओव्हरटेक करताना मध्येच सलग रेषा आली तर?

मुलीची लायसन्सची तयारी घेतेय. वळणावर, चढाच्या माथ्यावर ओव्हरटेक करायचं नाही, हे तिला लगेच पटलं. समोरचं दिसतच नाही. झेब्रा क्रॉसिंगपाशी थांबलेल्या गाडीला मागे टाकू नये, हे मात्र मी रोज बजावते. त्या गाडीच्या आडून कुणीतरी रस्ता ओलांडत असू शकतं!

अडतंय ते जोडरेषेपाशी, म्हणजे रस्त्याच्या मधोमध शेजारी-शेजारी आखलेल्या एका सलग आणि एका तुटक रेषेपाशी. आपल्या बाजूची रेषा तुटक असताना ओव्हरटेक सुरू केलं आणि ती पुढे सलग झाली, तर? पुढे जाऊन लेनमध्ये यायचं की वेग कमी करून मागे?

शिवाय 'नो पार्किंग'मध्ये माणूस उतरवण्यापुरतं थांबता येतं, 'नो स्टॉपिंग'मध्ये तेही नाही, हा फरक तिच्या डोक्यात कसा पक्का बसवावा? ड्रायव्हिंग शिकवणाऱ्यांनी कृपया सांगा.