बाल्टिक साखळीची स्मारकं रस्त्याकडेलाच हवीत

वाटसरू
२३ ऑगस्ट १९८९, संध्याकाळचे सात. सोव्हिएत संघातून स्वातंत्र्य मागण्यासाठी एस्टोनियातल्या टॅलिनपासून लॅटव्हियातल्या रीगामार्गे लिथुआनियातल्या विल्नियसपर्यंत माणसं पंधरा मिनिटं हातात हात धरून उभी राहिली. हीच बाल्टिक साखळी. अंतर सुमारे ६७५ किमी, माणसं अंदाजे २० लाख. तिन्ही देशांची लोकसंख्या तेव्हा जेमतेम ८० लाख! दिवस मुद्दाम निवडलेला. बरोबर ५० वर्षांपूर्वी नाझी जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांच्यात मोलोटोव्ह-रिबेनट्रॉप करार झाला होता आणि त्याच्या गुप्त कलमांत हिटलर-स्टालिननी हे देश परस्पर वाटून घेतले होते.

आज या मार्गावर काही ठिकाणी दगड, फलक आहेत. माझ्या मते राजधानीतल्या भव्य शिल्पापेक्षा वाल्मिएरा, बाउस्का, पानेवेझिसच्या वाटेवरचा साधा दगड मोलाचा. मुंबईत हुतात्मा चौक आहे, कारण तिथे माणसं गोळीबारात पडली. इथे त्या दिवशी कुणी हुतात्मा झालं नाही, कुणी एकटा नायक नव्हता. मग कोरायचं काय? ती जागाच.

खडूफळा
साफ असहमत. ताशी ९० किमीने जाणारी गाडी दगडापाशी थांबते होय? दोन वर्षांत गवत वाढतं, पुढे अक्षरंही जातात. साखळीची कागदपत्रं २००९ पासून युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत आहेत. मुलांना ती दाखवा. मॉस्को वर्षानुवर्षं कराराची ती गुप्त कलमं नाकारत होतं आणि साखळीनंतर चारच महिन्यांत, डिसेंबर १९८९मध्ये, सोव्हिएत लोकप्रतिनिधींच्या काँग्रेसनेच ती रद्दबातल ठरवली. हे वर्गात शिकवायचं सोडून दगड कसले रोवताय?

नकाशावाला
विल्नियसच्या कॅथेड्रल चौकात ‘स्तेबुक्लास’ (म्हणजे चमत्कार) अशी अक्षरं असलेली फरशी आहे. साखळीचं टोक तिथलंच. लोक तिच्यावर उभं राहून गिरकी घेतात, मनातली इच्छा मागतात. थोडक्यात, लोक तिथे थांबतात तरी. आणि ‘कुणी हुतात्मा झालं नाही’ एवढ्यावर सोडू नका. जानेवारी १९९१मध्ये त्याच शहरात, टीव्ही मनोऱ्यापाशी, सोव्हिएत फौजांनी निःशस्त्र लोकांवर रणगाडे घातले. १४ जीव गेले.

वाटसरू
ते १४ जण विसरायचा प्रश्नच नाही. पण त्यांचं स्मारक त्या मनोऱ्यापाशीच शोभतं, म्हणजे जागेचा मुद्दा तुम्हीही मानता. साखळीच्या दिवशी रस्ते इतके तुंबले होते की कित्येक जण नेमून दिलेल्या ठिकाणी पोचलेच नाहीत. जिथे अडकले तिथेच उतरून त्यांनी हात धरले. राजधानीतली फरशी या माणसांची आठवण कशी ठेवणार? ‘तास’ या सोव्हिएत वृत्तसंस्थेने तर एस्टोनियात तीन लाख आणि लिथुआनियात जेमतेम पाच लाख माणसं मोजली. आकड्यांवर वाद घालता येतो, पण गावोगावच्या रस्त्यावर लोक उभे होते हे कसं पुसणार?

रीगावासी
मी इथेच राहतो. आमच्या इमारतीत बरेच जण घरात रशियन बोलतात. सोव्हिएत काळात आलेल्या अशा अनेकांना १९९१च्या स्वातंत्र्यानंतर लॅटव्हिया-एस्टोनियात आपोआप नागरिकत्व मिळालं नाही. स्वातंत्र्य मागणाऱ्या पॉप्युलर फ्रंट या चळवळीच्या बाजूने त्यांच्यातलेही लोक होते. दगड रस्त्याकडेला असो वा चौकात, त्यावर एक ओळ रशियनमध्ये नसेल तर शेजारच्या आजींना तो आपला वाटायचा नाही.

नकाशावाला
१९४१ आणि १९४९ला ज्यांच्या घरची माणसं गुरांच्या डब्यांत कोंबून सैबेरियाला नेली, त्यांच्या दारात रशियन ओळ? त्यांना विचारलंत का?

रीगावासी
विचारायलाच हवं, आणि हद्दपारीही त्याच दगडावर लिहायला हवी. पण हुकूम क्रेमलिनमधून सुटले होते, आमच्या जिन्यातल्या आजींनी काढले नव्हते.

वाटसरू
रशियन ओळीला माझी हरकत नाही, फक्त निर्णय त्या त्या गावाने घ्यावा. जागेबाबत मात्र मी हटणार नाही. खडूफळा, गवताचा तुमचा मुद्दा खरा आहे. मग दर २३ ऑगस्टला शाळेतली मुलं नेऊन ते काढा आणि गुप्त कलमांचा तास तिथेच, रस्त्याच्या कडेला घ्या.