टाइमआउट ३० दिलाय, तरी ‘डेटाबेस इज लॉक्ड’ लगेच का येतं?

पिंपळगावची सून
पिंपळगाव बसवंतला आमचं छोटं द्राक्षाचं पॅकहाऊस आहे. आवक लिहायला मी पायथन आणि एसक्यूलाइटमध्ये (सगळा डेटा एकाच फाइलमध्ये ठेवणारा डेटाबेस) प्रोग्राम केलाय. कॅरेट काट्यावर ठेवलं की वजन शेतकऱ्याच्या खात्यावर चढतं. त्याच कॉम्प्युटरवर दुसऱ्या खिडकीत दीर गाडीचं चलन काढतात. दोघांचं सेव्ह एकदम पडलं की ही एरर. डॉक्युमेंटेशनमध्ये टाइमआउटपुढे एवढंच, की टेबल लॉक असेल तर किती सेकंद थांबायचं. न सांगितल्यास ५. मी ३० केले. तरी कधी एरर चटकन येते, कधी अर्धा मिनिट अडकून. तोवर पोरं कॅरेट धरून उभी! आणि आमची टेबलं तर वेगळी आहेत, मग लॉक कसलं?

कॉलेजरोडकर
पोस्टग्रेस हा सर्व्हरवाला डेटाबेस टाका, कटकट मिटेल.

पिंपळगावची सून
दोन खिडक्यांसाठी सर्व्हर? लाइट गेली की आधी त्यालाच उठवत बसा.

सातपूरचा जुना
घोळ त्या ‘टेबल’ शब्दाने केलाय. एसक्यूलाइटमध्ये लिहिताना कुलूप अख्ख्या फाइलला लागतं, टेबल कुठलं का असेना. तुमची एरर कोड ५, म्हणजे बिझी. टेबल लॉकची एरर वेगळी, तिचा कोड ६.

आता चटकन येते ती. बिगिन करून (म्हणजे ट्रान्झॅक्शन, एकगठ्ठा व्यवहार, सुरू करून) आधी सिलेक्ट, मग अपडेट असं लिहिलंय ना?

पिंपळगावची सून
हो. आधीची बेरीज वाचते, मग नवीन लिहिते. चलनाचंही तसंच.

सातपूरचा जुना
मग दोघंही वाचायचं कुलूप धरून बसता आणि दोघांनाही लिहायचं असतं. एकाला लिहायची पाळी मिळते, पण दुसऱ्याने वाचन सोडल्याशिवाय त्याला कमिट, म्हणजे पक्कं सेव्ह, करता येत नाही. दुसरा थांबला तर दोघंही जन्मभर थांबतील. एसक्यूलाइटला हे कळतं, म्हणून दुसऱ्याला ते तिथल्या तिथे परत पाठवतं. टाइमआउट ३० असो की ३००, वापरलाच जात नाही. नुसत्या ‘बिगिन’ऐवजी ‘बिगिन इमिजिएट’ लिहा. लिहायची पाळी सुरुवातीलाच मागितली जाते, आणि तिथे टाइमआउट खरंच चालतो.

अर्धा मिनिट अडकते तेव्हा मात्र कोणीतरी ट्रान्झॅक्शन उघडं टाकून गेलेलं असतं. ते शोधा.

कॉलेजरोडकर
वॉल मोड (बदल आधी वेगळ्या लॉग फाइलमध्ये लिहायची एसक्यूलाइटची पद्धत) लावला तर?

सातपूरचा जुना
जरूर लावा, वाचणारे आणि लिहिणारे एकमेकांना अडवत नाहीत. पण लिहिणारा एका वेळी एकच, आणि वाचून मग लिहायला गेलात तर तिथेही हीच गत. नेटवर्कवरून शेअर केलेल्या फोल्डरमधल्या फाइलवर मात्र वॉल चालत नाही.

पिंपळगावची सून
दोन्ही ठिकाणी इमिजिएट केलं. चटकन येणारी बंद झाली. अडकणारी दुपारी सापडली: दिरांनी डीबी ब्राउझरमध्ये (एसक्यूलाइटची फाइल थेट उघडायचा प्रोग्राम) एका शेतकऱ्याचं आडनाव दुरुस्त केलं आणि सेव्ह करायचं ‘राइट चेंजेस’ बटण न दाबताच चहाला गेले होते.